जुन्या इमारतींचा बाह्य गिलावा : परीक्षण आणि नूतनीकरण

दहिसरचा नाका ओलांडून काशीमिरा येथे डावीकडे वळले की मीरा-भाईंदर रस्ता लागतो. याच रस्त्यावर मीरा रोड पूर्वेच्या बाजूस सिल्व्हर पार्क हा दाट वस्तीचा भाग आहे. तळाशी दुकाने आणि वर घरांचे मजले अशा, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मालकीच्या इमारती येथे रांगेने उभ्या आहेत. त्यांच्या भिंतींकडे लक्षपूर्वक पाहिल्यास काही खुणा वारंवार आढळतात. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या भेगा, खांबाच्या कडेने उभी उतरलेली तांबूस रेघ, छज्जाखाली सुटलेले पापुद्रे आणि सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप. या खुणा केवळ सिल्व्हर पार्कच्या नाहीत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यालगतच्या बहुतेक सर्व नागरी वस्त्यांत त्या दिसतात. तथापि या परिसराचा अभ्यास विशेष उपयुक्त ठरतो, कारण येथील बांधकाम थोड्या वर्षांत, एकाच पद्धतीने आणि मोठ्या प्रमाणावर झाले. त्यामुळे ते जुनेही एकदमच होत आहे.

१९८५ पर्यंत हा सारा भाग ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत होता. त्या वर्षी काही ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगर परिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांनी भविष्यनिर्वाह निधी व कर्ज यांच्या आधारे येथे घरे घेतली. त्या वाढीच्या पहिल्या लाटेतील इमारती आता तीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. साहजिकच त्यांच्या बाह्य गिलाव्याचे आयुष्य संपत आले आहे किंवा संपले आहे.

गिलावा कशासाठी असतो

बाह्य गिलावा हा इमारतीचा केवळ पोशाख आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. या समजुतीमुळेच त्याच्या दुरुस्तीचा विचार रंगाच्या वेळी, आणि रंगाचा विचार सण-समारंभाच्या वेळी होतो. वास्तविक गिलावा ही इमारतीची पाऊस झेलणारी ढाल आहे. विटांची भिंत व प्रबलित काँक्रीटचे खांब आणि तुळया यांच्यापर्यंत पाणी पोहोचू न देणे हे तिचे पहिले काम होय.

कोकणपट्टीत हे काम सोपे नाही. मुंबई परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. म्हणून इमारतीची दक्षिण आणि पश्चिम बाजू आधी खराब होते. उत्तर व पूर्व बाजू दहा वर्षे अधिक टिकलेली दिसली तर त्यात नवल नाही. याखेरीज मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि भोवताली मिठागरे आहेत. येथील हवेत क्षारांचा अंश सतत असतो. भिंतीत शिरलेल्या ओलाव्याबरोबर हे क्षारही आत जातात, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या ओल-सुकीच्या फेऱ्यांनी गिलावा आतून भुसभुशीत होतो.

निखळलेल्या गिलाव्याचा धोका किती, हे साध्या गणिताने समजते. वाळूचा दाणा उठवलेला दोन थरांचा बाह्य गिलावा सुमारे २३ मिलिमीटर जाड असतो. एक चौरस मीटर क्षेत्रावरील अशा गिलाव्याचे वजन ४५ किलोग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक फूट लांब आणि एक फूट रुंद तुकडा चार किलोंचा झाला. हा तुकडा चौथ्या मजल्यावरून, बारा मीटर उंचीवरून निसटला तर खाली पोहोचताना त्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटरच्या घरात जातो. खाली दुकानाची पायरी असते, रिक्षाची रांग असते, शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले असतात. एवढे ध्यानात घेतले तर ‘थोडासा पापुद्रा सुटला आहे’ असे कोणी सहज म्हणणार नाही.

रोग गिलाव्याचा की सांगाड्याचा

दुरुस्तीचा निर्णय घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवणे अत्यावश्यक असते. बिघाड गिलाव्यापुरता आहे की त्यामागील सांगाड्याचा आहे? या प्रश्नाला बगल देऊन केलेली दुरुस्ती बहुधा वाया जाते. कित्येकदा ती हानिकारकही ठरते, कारण नवा गिलावा जुन्या रोगाची लक्षणे झाकून टाकतो आणि रोग आत वाढत राहतो.

भेगांचे रूप पाहून बरेच काही कळते. जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या बारीक भेगा गिलावा आकसल्यामुळे पडतात. सिमेंट प्रमाणापेक्षा अधिक वापरले असेल, वाळू फार बारीक असेल किंवा गिलाव्यास पुरेसे पाणी मारले गेले नसेल तर असे होते. या भेगा सहसा वरवरच्या असतात. तुळईच्या खालच्या कडेने आडवी, सरळ गेलेली भेग काँक्रीट आणि वीटकाम यांच्या सांध्याची असते. दोन्ही पदार्थ उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. सांध्यावर तारेची जाळी न बसवता गिलावा केला की तो तेथे तुटणारच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग रुंद होत चालली असेल तर पाया खचण्याची शक्यता तपासून घ्यावी लागते.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीला समांतर जाणारी, तांबूस डाग असलेली भेग. ही भेग आतल्या सळईच्या गंजाची असते. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळे सळईवर एक पातळ संरक्षक पटल टिकून राहते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू काँक्रीटमध्ये हळूहळू शिरून ही अल्कता कमी करतो, तर समुद्री क्षारांतील क्लोराइड हे पटल थेट भेदते. पटल गेले की ओलावा आणि प्राणवायू यांच्या संगतीने सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. आत फुगणाऱ्या या गंजाला जागा हवी असते, म्हणून तो काँक्रीटचे आवरण बाहेर ढकलतो. आवरण फुटते, त्याबरोबर गिलावा सुटतो आणि पावसाला आणखी मोठी वाट मिळते.

येथे एक ऐतिहासिक बाब नमूद करणे इष्ट ठरेल. १९८० आणि १९९० च्या दशकांतील इमारतींचे आराखडे भारतीय मानक ४५६ च्या १९७८ मधील आवृत्तीनुसार तयार होत. तिच्यात स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर आणि तुळईच्या सळईवर २५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सामान्यतः पुरेसे मानले जाई. मानकाच्या २००० मधील आवृत्तीने किनारी वातावरणाचा समावेश तीव्र परिस्थितीत केला आणि तेथे ४५ मिलिमीटर आवरण ठरवून दिले. याचाच अर्थ असा की त्या काळातील एखादी इमारत नियमाबरहुकूम बांधली गेली असली तरी तिच्या सळईवरचे संरक्षण आजच्या निकषाने तोकडेच आहे. त्यात खाडीची न धुतलेली रेती किंवा कूपनलिकेचे मचूळ पाणी वापरले गेले असेल तर क्षार बांधकामाच्या दिवसापासूनच आत बसलेले असतात. अशा इमारतीत गिलाव्यावर पडणारी जबाबदारी कितीतरी वाढते.

ठोकून पाहण्याची परीक्षा

परीक्षणाची पहिली पायरी खर्चिक नाही. लाकडी हातोडीने गिलाव्यावर हलके ठोके देत जावे. घट्ट बसलेला गिलावा खणखणीत आवाज देतो. भिंतीपासून सुटलेला गिलावा बद्द, पोकळ आवाज देतो. असे पोकळ भाग खडूने आखून घ्यावेत आणि त्यांचे क्षेत्र मोजून इमारतीच्या चारही बाजूंच्या नकाशावर उतरवावे. हे काम परांचीवरून किंवा दोरीच्या पाळण्यातून, प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. खिडकीतून वाकून कोणी ते करू नये.

दुसरी परीक्षा रासायनिक आहे आणि विज्ञान शिक्षकांना ती परिचित असेल. खांबाच्या एका कोपऱ्यावरील गिलावा काढून काँक्रीटचा लहानसा टवका उडवावा आणि ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारावे. अल्कता टिकून असलेला भाग गडद गुलाबी होतो, अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर गंजाला मुभा मिळाली आहे असे समजावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील हे द्रावण इमारतीचे वय सांगू शकते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगे आहे. अर्थात परीक्षेवरून निष्कर्ष काढणे आणि त्यावर उपाय ठरवणे हे काम संरचना अभियंत्याचेच होय.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून परीक्षण करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. ही तीस वर्षे पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून किंवा निम्मे बांधीव क्षेत्र प्रत्यक्ष वापरात आल्यापासून, यांपैकी जे आधी घडले असेल तेव्हापासून मोजतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याहून अगोदरची खबरदारी सांगितली आहे. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा परीक्षण व्हावे, असे त्यांत म्हटले आहे. परीक्षणानंतर इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करण्यायोग्य. सी-२-ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. निव्वळ गिलाव्याचे नूतनीकरण हा उपाय मुख्यतः शेवटच्या वर्गासाठी आहे. सी-२-ब मधील इमारतींत तो सांगाड्याच्या दुरुस्तीनंतरचा टप्पा असतो. पहिल्या दोन वर्गांतील इमारतीला नवा गिलावा चढवणे म्हणजे रहिवाशांची फसवणूक होय, मग ती कितीही सद्हेतूने केलेली असो.

किती काढावे, किती ठेवावे

सगळा जुना गिलावा सरसकट काढून टाकावा असा आग्रह काही कंत्राटदार धरतात. काही संस्था याच्या उलट, जेवढे पडले तेवढेच लिंपून घेण्यावर भर देतात. दोन्ही टोके टाळावीत. एखाद्या बाजूचा एक-चतुर्थांशापेक्षा कमी भाग पोकळ असेल, उरलेला घट्ट असेल आणि मागील सांगाडा निरोगी असेल तर तुकड्यांची दुरुस्ती परवडते. पोकळ भाग निम्म्याच्या जवळ गेला असेल तर ती बाजू पूर्ण उतरवणे शहाणपणाचे ठरते, कारण दर दोन वर्षांनी परांची बांधण्याचा खर्चच दुरुस्तीपेक्षा जड होतो. हा आडाखा व्यवहारातला आहे. प्रत्येक इमारतीत तो अभियंत्याच्या नकाशावर पडताळून घ्यावा.

तुकडा काढताना त्याची कड सरळ रेषेत, चौकोनी कापावी. वेड्यावाकड्या कडेवर नवा गिलावा पातळ होत जातो आणि तेथूनच पुन्हा उकलतो. पोकळ भागाच्या सीमेपलीकडे चार बोटे घट्ट गिलावाही कापून घ्यावा.

पृष्ठभाग उघडा झाल्यावर गंजलेली सळई दिसली तर गवंड्याचे काम तेथे थांबले पाहिजे. सळईभोवतीचे, आणि मागील बाजूचेही, सैल काँक्रीट काढून सळई सर्व बाजूंनी मोकळी करणे, तारेच्या ब्रशने ती चकाकेपर्यंत घासणे, गंजरोधक लेप देणे आणि बहुवारिकयुक्त मसाल्याने ती जागा भरणे हा क्रम सर्वमान्य आहे. सळईची जाडी लक्षणीय घटली असेल तर तिच्या जोडीला नवी सळई टाकणे किंवा खांबाला काँक्रीटचे नवे वेष्टन देणे आवश्यक होते. ते किती द्यायचे हे परांचीवर उभे राहून ठरवता येत नाही. समोरासमोरच्या बाजूंचे काम एकाच वेळी काढून खांब दुबळा करू नये, हेही ध्यानात ठेवावे.

गिलाव्याचे प्रत्यक्ष काम

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतील बाह्य गिलाव्याची बाब अनेक वर्षांच्या अनुभवातून घडलेली आहे आणि ती आजही उत्तम मार्गदर्शन करते. सिमेंट आणि वाळू यांचे १:४ प्रमाण घेऊन १५ मिलिमीटरचा पहिला थर द्यावा, त्यात जलरोधक द्रव्य मिसळावे, तो किमान दोन दिवस भिजवावा आणि त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवावा. त्यावर ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर त्याच प्रमाणात देऊन वाळूचा दाणा उठवावा आणि चौदा दिवस पाणी मारावे. या चार ओळींतील प्रत्येक शब्दाला कारण आहे. पण प्रत्यक्ष कामावर नेमक्या याच गोष्टींत काटकसर केली जाते.

पहिली काटकसर पूर्वतयारीत होते. वीटकामाचे सांधे खरवडून मोकळे करणे आणि गुळगुळीत काँक्रीटवर टाचे मारून ते खडबडीत करणे हे कंटाळवाणे काम आहे व ते झाकले जात असल्यामुळे सहज टाळता येते. जुन्या रंगाचा अंश भिंतीवर राहिला तरी नवा थर धरत नाही. काँक्रीट आणि वीट यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना वीतभर पसरेल अशी गॅल्व्हनाइज्ड जाळी खिळ्यांनी घट्ट बसवावी. गिलावा करण्याआधी भिंत भिजवून घ्यावी. कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि सिमेंटला घट्ट होण्यासाठी काही उरत नाही. उलट भिंत निथळत असेल तर थर घसरतो.

दुसरी काटकसर मसाल्यात होते. सकाळी एकदाच मोठा ढीग कालवून तो दुपारपर्यंत पाणी टाकून टाकून वापरणे ही सवय सर्वत्र रुळली आहे. पाणी मिसळल्यापासून अर्ध्या तासात मसाला भिंतीवर लागला पाहिजे. जड झालेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालणे म्हणजे सिमेंट मारणे होय. तसेच शेवटचा हात फिरवताना वरून कोरडे सिमेंट भुरभुरवण्याची पद्धत कटाक्षाने बंद करावी. पृष्ठभाग तेवढ्यापुरता छान दिसतो आणि वर्षभरात भेगांचे जाळे उमटते.

वाळूची परीक्षा कोणत्याही ग्रामपंचायतीच्या कामावर करता येईल इतकी सोपी आहे. काचेच्या उभ्या मोजपात्रात थोडे मिठाचे पाणी घ्यावे, त्यात वाळू टाकून जोराने हलवावे आणि तीन तास स्थिर ठेवावे. वाळू तळाशी बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. या थराची उंची वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून अधिक असेल तर वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. हल्ली नदीच्या वाळूऐवजी दगड फोडून तयार केलेली कृत्रिम वाळू मोठ्या प्रमाणावर येते. ती वापरण्यास हरकत नाही, पण गिलाव्यासाठी चाळलेली, कमी भुकटीची प्रत मागून घ्यावी. काँक्रीटसाठी आलेली वाळूच गिलाव्याला लावल्यास भेगा ठरलेल्या. पाण्याबाबत किनारी भागात अधिक दक्षता हवी. प्रबलित काँक्रीटसाठी वापरण्याच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे मानक सांगते. सळई जवळच असल्यामुळे गिलाव्याच्या पाण्यालाही हाच निकष लावावा. कूपनलिकेचे पाणी एकदा तपासून घेण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे.

काही इमारतींत भिंती मुळात ओळंब्यात नसतात आणि तो दोष गिलाव्याच्या जाडीने झाकलेला असतो. अशा जागी दोन इंचांपर्यंत जाड गिलावा निघतो. तेवढी जाडी पुन्हा एका दमात चढवू नये. पंधरा मिलिमीटरपेक्षा जाड थर स्वतःच्या भारानेच सुटू पाहतो. जाळी बसवून, मधे दिवस जाऊ देऊन, थरांवर थर द्यावेत.

छज्जांविषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण निम्मी ओल तेथून येते. छज्जाच्या वरच्या पृष्ठभागाला बाहेरच्या बाजूस उतार हवा आणि भिंतीशी जेथे तो मिळतो तेथे गोलाई दिलेला वाटा हवा. खालच्या कडेला एक लहान सलग खाच ठेवतात. पाणी कडेवरून वळून भिंतीकडे येऊ लागले की या खाचेशी थेंब तुटून खाली पडतो. नूतनीकरणात ही खाच हमखास बुजवली जाते. गवंडी ती दोष समजून भरतो आणि पर्यवेक्षकाचे तिकडे लक्ष नसते. मग पुढच्या पावसात खिडकीच्या वर ओल दिसते आणि खापर जलरोधक द्रव्याच्या नावावर फुटते. खिडक्यांबाहेर लोखंडी जाळीचे पिंजरे बसवून त्यांत कुंड्या व अडगळ ठेवण्याची पद्धतही अशीच घातक आहे. पिंजऱ्याचे खिळे गिलावा भेदतात, कुंडीचे पाणी रोज त्या छिद्रात झिरपते. नवा गिलावा झाल्यावर हेच पिंजरे आणि वातानुकूलन यंत्रांचे कोन पुन्हा ठोकले गेले तर सारा खर्च फुकट गेला असे समजावे. नळांची गळती तर गिलाव्याआधीच दुरुस्त झाली पाहिजे. पिंपळाचे रोप वरून छाटून भागत नाही, त्याचे मूळ काढून जागा भरावी लागते.

कामाचा हंगाम पावसाळा संपल्यानंतर भिंती सुकल्यावर, साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम होय. एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर पाणी टिकत नाही आणि जूनचा पहिला पाऊस अपुऱ्या कामाला गाठतो. रंगाची घाईही करू नये. ताज्या गिलाव्याची अल्कता रंग सोलून काढते. अ‍ॅक्रिलिक रंगासाठी किमान अठ्ठावीस दिवस थांबावे. भेगा झाकणारे रबरासारखे लवचिक लेप हल्ली बाजारात आहेत. बारीक भेगांवर ते उपयोगी पडतात, पण ओल्या भिंतीवर दिले तर ओल आत कोंडतात आणि फोडासारखे फुगून येतात.

जुन्या दगडी व चुन्याच्या भिंती

आतापर्यंतचे विवेचन काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतींना लागू आहे. ग्रामीण भागातील जुन्या शाळा, चावड्या, धर्मशाळा, कचेऱ्या आणि वाडे यांच्या भिंती दगड किंवा वीट व चुना यांच्या असतात. त्यांना सिमेंटचा गिलावा चढवणे ही सध्या सर्वत्र चालू असलेली चूक आहे. चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे आतली ओल वाफेच्या रूपाने बाहेर सोडते. सिमेंटचा कठीण थर ही वाट बंद करतो. जमिनीतून चढणारी ओल मग आतल्या बाजूने बाहेर पडते आणि क्षार विटेच्या पोटात साठून वीटच फोडतात. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. भिजवून मुरवलेला चुना, स्वच्छ वाळू, सुरखी आणि त्याबरोबर गूळ व हिरडा यांचे पाणी ही आपल्याकडील जुनी रीत होती. संवर्धनाच्या कामात आजही तिचा आधार घेतला जातो. सतराव्या शतकात औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे उभारलेल्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे. मधला फार मोठा भाग बारीक चुनेगच्चीचा आहे आणि तीन शतकांहून अधिक काळ तो नजरेला संगमरवरासारखा भासतो. आपल्या गवंड्यांजवळ हे ज्ञान होते. जिल्हा परिषदांनी जुन्या शाळांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना चुन्याच्या गिलाव्याची वेगळी बाब ठेवल्यास त्याला पुन्हा काम मिळेल.

खर्च, निविदा आणि सुरक्षितता

अंदाजपत्रकासाठी एक उदाहरण घेऊ. तीस मीटर लांब, बारा मीटर रुंद व पंधरा मीटर उंच इमारतीचा घेर ८४ मीटर आणि बाह्य क्षेत्र १,२६० चौरस मीटर होते. खिडक्या-दारांची वजावट आणि छज्जांच्या बाजूंची भर सोडून दिली तर २३ मिलिमीटरच्या दोन थरांना दर शंभर चौरस मीटरमागे सुमारे एकवीस ते बावीस पोती सिमेंट आणि तीन घनमीटर वाळू लागते. म्हणजे पूर्ण इमारतीस २७० पोती सिमेंट व ३८ घनमीटर वाळू. कंत्राटदाराने कामावर आणलेल्या पोत्यांची नोंद ठेवली आणि ती दीडशेवरच थांबली तर प्रमाण पाळले गेले नाही हे समितीच्या सामान्य सभासदालाही उमगेल. अशी नोंदवही रोज भरावी व तिच्यावर समितीच्या एका सदस्याची सही असावी.

निधीची अडचण बहुतेक संस्थांत खरी आहे. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी जमा करावयाची असते. पण हा खर्च घर बांधले त्या काळचा धरला जातो. समजा एका घराचा बांधकाम खर्च त्या वेळी दोन लाख रुपये होता. तर दोन्ही मिळून वर्षाला दोन हजार रुपये जमतात. चाळीस घरांच्या संस्थेत ही वार्षिक जमा ऐंशी हजार होते. दुरुस्ती मात्र आजच्या दराने करावयाची असते. सर्वसाधारण सभेने या किमान दरावर न थांबता निधी वेळीच वाढवला पाहिजे. बाह्य भिंतींची दुरुस्ती ही संस्थेची सामाईक जबाबदारी आहे, ज्याच्या खोलीत ओल येते त्या एकट्या सभासदाची नव्हे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त सभासदाने स्वतःच्या खर्चाने भिंत लिंपून घ्यावी असे ठराव काही ठिकाणी होतात, ते न्यायाला धरून नाहीत.

‘लवकरच पुनर्विकास होणार आहे, आता दुरुस्तीवर कशाला पैसे घालायचे’ हा युक्तिवाद मीरा-भाईंदरप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात सर्वत्र ऐकू येतो. पुनर्विकासाला सभासदांची संमती, विकासकाची निवड, मंजुरी आणि पर्यायी निवाऱ्याची सोय यांत कित्येक वर्षे जातात. तेवढे पावसाळे त्याच भिंतींनी काढायचे असतात. अशा संस्थेने पूर्ण नूतनीकरण पुढे ढकलले तरी सुटलेला गिलावा उतरवून टाकणे आणि उघड्या सळईला गंजरोधक लेप देणे एवढे तरी पहिल्याच कोरड्या हंगामात करावे.

निविदेत बाबी स्वतंत्रपणे, मोजमापासह लिहिलेल्या असाव्यात. ‘इमारत रंगवून व दुरुस्त करून देणे, एकूण रक्कम’ अशी एकत्रित निविदा कधीही स्वीकारू नये. सळईच्या दुरुस्तीचे खरे परिमाण गिलावा उघडल्यावरच कळते. म्हणून त्या बाबीचा दर आधी ठरवून परिमाण प्रत्यक्ष मोजणीनुसार देण्याची अट घालावी. मोजणी गिलावा चढवण्यापूर्वी अभियंत्याने करावी आणि त्या जागांची छायाचित्रे दप्तरी ठेवावीत. देयकाचा काही भाग एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धतही हितावह आहे.

परांचीवरील कामगार हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत असुरक्षित घटक असतो. तो बहुधा परप्रांतातून किंवा दुष्काळी तालुक्यांतून आलेला असतो आणि दिवसाच्या मजुरीपलीकडे त्याच्या हाती काही नसते. सुरक्षा पट्टा, डोक्यावर टोपी, परांचीवर पुरेशा रुंदीची फळी व कठडा आणि खाली जाळे या गोष्टी निविदेतच लिहाव्यात व त्यांचे पैसे वेगळे द्यावेत. अन्यथा त्या कंत्राटदाराच्या नफ्यातून कापल्या जातात, म्हणजे प्रत्यक्षात येतच नाहीत. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे कामगारांची नोंदणी आहे काय, हे विचारण्याचा अधिकार काम देणाऱ्या संस्थेने वापरावा. रहिवाशांसाठी प्रवेशद्वारावर फळ्यांचे भक्कम छत उभारावे, गिलावा उतरवण्याच्या वेळा फलकावर लिहाव्यात आणि त्या वेळी मुलांना खाली खेळू देऊ नये. उतरवलेला राडारोडा गटारात किंवा खाडीकाठच्या तिवरांत टाकला जाणार नाही, ही अटही करारात असावी.

काम पुरे झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर अभियंत्यासह चारही बाजूंची पाहणी करावी. दक्षिण व पश्चिम भिंत, छज्जांखालची कड, नळांचे सांधे आणि गच्चीच्या कठड्याचा वाटा या जागा आधी बघाव्यात. तेथे दिसलेली ओल नकाशावर तारखेसह नोंदवून तो नकाशा संस्थेच्या दप्तरात ठेवावा. पुढील परीक्षणास येणाऱ्या अभियंत्याला त्याचा उपयोग होतो आणि राखून ठेवलेली रक्कम कंत्राटदारास देण्यापूर्वी समितीच्या हाती लेखी आधार राहतो.